धडगावची बातमी, पुण्याचं मासिक

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार ओळखपत्रं वाटली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी गावात आले होते, त्यामुळे दिल्ली-मुंबईचे पत्रकारही आले होते. त्या दिवसापुरतं टेंभली देशाच्या पहिल्या पानावर झळकलं. त्यानंतर या गावाबद्दल अधूनमधून जे छापून येतं त्याचा साचा जवळपास ठरून गेला आहे. आधारचा वर्धापनदिन जवळ आला की कुणीतरी कॅमेरा घेऊन जातं, गावात काहीच बदललं नाही असं सांगणारे दोघं-तिघं गाठतं आणि संध्याकाळच्या आत परततं. ती बातमी खोटी नसते. पण बारा आकडी क्रमांक हाती आल्यावर रेशन दुकानात काय बदललं, खात्यातले पैसे काढायला हेलपाटे वाढले की कमी झाले, मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला तिथे त्या कार्डाचा काही उपयोग झाला का, कष्टानं बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या मजुराचं यंत्रापुढे काय झालं, हे एका दिवसाच्या भेटीत कळत नाही. ते कळायला वर्ष जाईल, आणि कळलं तरी दैनिकाच्या तीनशे शब्दांत मावणार नाही. ती साप्ताहिकाची, मासिकाची, दिवाळी अंकाची गोष्ट आहे. ती लिहायला सगळ्यांत सोयीच्या जागी बसलेला माणूस म्हणजे शहाद्याचा किंवा नंदुरबारचा तरुण वार्ताहर. आणि नेमकं त्यालाच वाटत असतं की मासिकांच्या जगात आपल्याला कुणी विचारणार नाही.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मासिकात लिहायला सुरुवात करण्यासाठी पुण्या-मुंबईतल्या ओळखी आणि घोटीव भाषा लागते, ही समजूत चुकीची आहे. संपादकाला जे हवं असतं आणि शहरात बसून मिळत नाही, ते म्हणजे एकाच विषयाशी दीर्घकाळ ठेवलेला संबंध. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या पत्रकाराला तो संबंध आपोआप मिळालेला असतो. फक्त त्याचं लेखनात रूपांतर कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, कारण त्याचं सगळं शिक्षण दैनिकाच्या घड्याळावर झालेलं असतं.

दैनिकाला आज काय घडलं ते हवं असतं. मासिक वाचकाच्या हाती पडतं तोवर ते जुनं झालेलं असतं. म्हणून मासिकाला घडलेल्या गोष्टीची रीत हवी असते: हे कसं घडत आलं, कुणाच्या निर्णयानं, कुणाच्या पदरात काय पडलं. या फरकाचं सगळ्यांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला ऑगस्ट १९४५ मध्ये. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. जॉन हर्सी या बत्तीस वर्षांच्या पत्रकाराचा लेख ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आला तो ३१ ऑगस्ट १९४६ ला, म्हणजे तब्बल वर्षभरानं. बॉम्बमधून वाचलेल्या सहा माणसांची हकिगत त्यानं सांगितली आणि नियतकालिकानं आपला पूर्ण अंक त्या एका लेखाला दिला. बातमी म्हणून विषय केव्हाच शिळा झाला होता, तरी लोकांना बॉम्ब खऱ्या अर्थानं कळला तो या लेखातून. मराठीतही हीच परंपरा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते विशीत होते, आणि वृत्तपत्रानंतर आठ वर्षांनी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. बातमीपलीकडचं ज्ञान द्यायला वेगळं साधन लागतं हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. अनिल अवचट यांचं ‘पूर्णिया’ १९६९ चं. नुकताच डॉक्टर झालेला पंचवीस वर्षांचा तरुण बिहारमधल्या एका दरिद्री जिल्ह्यावर लिहितो, आणि मराठी वाचक ते पुस्तक उचलून धरतो. अवचटांकडे पत्रकारितेची पदवी नव्हती, वृत्तसंस्थेचं ओळखपत्र नव्हतं. पुढे तंबाखू कामगार, भटके-विमुक्त, विणकर यांच्यावर त्यांनी जे लिहिलं, त्याचं बळ अगदी साधे प्रश्न विचारण्यात आणि उत्तर पूर्ण मिळेपर्यंत तिथेच बसून राहण्यात होतं.

आता हेच नंदुरबारात आणून पाहू. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. लिलावानंतर ती मिरची शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर जाते. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोठं मोकळं मैदान. हंगामात मैलभर अंतरावरूनही तो लाल पट्टा दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेनं ठसका लागतो. या विषयावर दैनिकात दर वर्षी तीन बातम्या येतात: आवक वाढली, दर पडले किंवा चढले, आणि अवकाळी पावसात पथारीवरची मिरची भिजून व्यापाऱ्यांचं नुकसान झालं. तिन्ही बातम्यांची नजर तराजूपाशी थांबते. मासिकाचा लेखक पथारीवर उतरला की त्याला दुसरंच काही दिसतं. मिरची पसरणारे, उलटणारे, देठ खुडणारे हात बहुतेक मजूर बायकांचे असतात. त्यांच्या बोटांची आणि डोळ्यांची आग रात्री कशी शमते? मजुरी दिवसावर की किलोवर? पाऊस आला की व्यापाऱ्याचं नुकसान पंचनाम्यात येतं. त्या दिवशी बुडालेल्या मजुरीची नोंद कुठल्या कागदावर होते? या मजूर कुठल्या पाड्यांवरून आल्या, हंगाम संपला की कुठे जातात, सोबतची मुलं कुठल्या शाळेच्या पटावर आहेत? याच धाग्यानं पुढे गेलं की मिरचीच्या बियाण्याचा आणि रोगाचा प्रश्न येतो, शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि पुढे पुडीतल्या तिखटाचा भाव यांतलं अंतर येतं. एका हंगामात, आठवड्यातून एक सकाळ पथारीवर घालवणाऱ्या वार्ताहराकडे महाराष्ट्रातल्या कुठल्याही संपादकानं थांबून वाचावा असा ऐवज तयार होतो. त्यासाठी त्याला नंदुरबार सोडावं लागत नाही, आणि पुण्याच्या लेखकाला तो ऐवज दोन दिवस लॉजवर राहून मिळत नाही.

या जिल्ह्याबद्दल टिकून राहिलेलं लेखन कुणी केलं ते पाहिलं तरी हाच निष्कर्ष निघतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंतींच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्या चळवळीवर जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये दीर्घ निबंध लिहिला, अमृता बसू यांनी पुढे १९९२ च्या आपल्या पुस्तकात पश्चिम बंगालच्या राजकारणाशी तिची तुलना केली. जगातल्या विद्यापीठांत शहादा हे नाव पोचलं ते या लेखनामुळे. मराठीत पाहिलं तर आयआयटीतून अभियंता होऊन शहाद्यात आलेले आणि तिथल्याच चळवळीत आयुष्य घालवलेले कुमार शिराळकर यांनी ‘उठ वेड्या तोड बेड्या’ लिहिलं. नर्मदेच्या लढ्यावर पत्रकारितेतून आंदोलनात आलेल्या संजय संगवई यांचं ‘द रिव्हर अँड लाइफ’ २००० सालचं. या चौघांच्या राजकीय भूमिका, भाषा, वाचक सगळं वेगळं. समान धागा इतकाच की कुणीही विषयाला ओझरता हात लावून गेलेलं नाही. याउलट सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या, अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचं नाव नव्वदच्या दशकात जगभर गेलं, जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला, पुढल्या वर्षी बँकेचा सरदार सरोवरातला सहभाग संपला, आणि त्यानंतर मोठ्या माध्यमांचं लक्षही संपलं. महाराष्ट्रातली बुडितात गेलेली तेहतीस गावं या एकाच जिल्ह्यातली. तळोदा, शहादा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहतींत जन्मलेली मुलं आता मतदार आहेत, आईबाप आहेत. नर्मदेचा काठ त्यांनी ऐकून माहीत करून घेतला आहे. त्यांच्यावर कुणी सलग लिहिलेलं फारसं दिसत नाही. धरणाची उंची वाढली तेव्हा बातमी झाली, २०१७ मध्ये लोकार्पण झालं तेव्हा झाली, २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तेव्हा झाली. वसाहतीत वाढलेल्या पिढीची गोष्ट कुठल्याच तारखेला घडत नाही, म्हणून ती दैनिकाच्या हाती लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ओळखीचा. विषय कितीही चांगला असला तरी पुण्याच्या संपादकाला सातपुड्यातल्या धडगावचा वार्ताहर माहीतच नाही, मग तो लेख उघडून तरी का पाहील? आक्षेपात तथ्य आहे. मराठी नियतकालिकांचं जग लहान आहे आणि ते बऱ्याच अंशी परिचयावर चालतं. पण त्या जगाची दुसरी बाजू अशी की तिथे माणसं कमी आणि पानं जास्त असतात. बहुतेक मासिकं दोन-तीन माणसांच्या बळावर निघतात, जिल्ह्याजिल्ह्यात माणूस पाठवणं त्यांना परवडत नाही, आणि त्याच त्या लेखकांच्या त्याच त्या विषयांना संपादकही कंटाळलेले असतात. १९९० मध्ये पुण्यात काही तरुण पत्रकारांनी ‘युनिक फीचर्स’ सुरू केलं, तेव्हा त्यांनी याच उणिवेवर आपलं काम उभारलं: गटानं हिंडायचं, माहिती जमवायची, लेख तयार करायचे आणि ते वेगवेगळ्या नियतकालिकांना द्यायचे. पुढे ‘अनुभव’ हे मासिकही त्याच घरातून निघालं. ओळख नसलेल्या लेखकाचा अडसर बहुधा वेगळ्याच ठिकाणी असतो. तो पूर्ण लेख पाठवतो, तोही सहा ठिकाणी एकाच वेळी, सोबत ‘योग्य वाटल्यास प्रसिद्धी द्यावी’ एवढीच ओळ. त्याऐवजी अर्ध्या पानाचा प्रस्ताव पाठवावा. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: आपला प्रश्न काय आहे, आतापर्यंत काय पाहिलं आणि कुणाशी बोललो, अजून काय पाहायचं बाकी आहे, लेख किती शब्दांचा आणि केव्हापर्यंत होईल. ‘आदिवासींच्या समस्या’ हा प्रस्ताव होत नाही. ‘धडगावच्या बाजारात कैरीच्या चिरांचा भाव रंगावर ठरतो, पांढरी चीर आणि काळी पडलेली चीर यांच्या भावातला फरक कुणाच्या हाती राहतो, हे दोन हंगाम पाहिलं आहे’ हा होतो. दुसऱ्या वाक्यातला माणूस तिथे राहतो हे संपादकाला सांगावं लागत नाही. त्या मासिकाचे मागचे वर्षभराचे अंक वाचलेले असावेत हे ओघानं आलंच. विज्ञानाच्या मासिकाला राजकीय लेख पाठवणारे लोक आजही कमी नाहीत. दिवाळी अंकाचं गणित त्याहून वेगळं. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं बरंचसं दीर्घ लेखन याच अंकांच्या आधारानं जगलं आहे. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, पण त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत प्रस्ताव पाठवणारा लेखक उशिरा पोचलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मासिकंच बंद पडत असताना त्यात शिरण्याची वाट कशाला शोधायची? ‘किर्लोस्कर’ गेलं, श्री. ग. माजगावकरांचा ‘माणूस’ पंचवीस वर्षं चालून १९८६ मध्ये थांबला, ‘लोकप्रभा’सारखं घरोघरी जाणारं साप्ताहिकही बंद झालं. ही हानी खरी आहे आणि ती भरून निघालेली नाही. तरीही साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेली ‘साधना’ अजून निघते, ‘मिळून साऱ्याजणी’ निघतं, दिवाळी अंक दर वर्षी शेकड्यांनी निघतात, आणि ‘कर्तव्य साधना’ किंवा ‘अक्षरनामा’सारखी संकेतस्थळं पानांची मर्यादा न घालता लेख घेतात. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण भारतातले दीर्घ वृत्तांत मराठीसह अनेक भारतीय भाषांत वाचायला मिळतात. साईनाथांचा स्वतःचा अनुभवही इथे उपयोगी आहे. १९९३ मध्ये एका अभ्यासवृत्तीच्या आधारानं ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरले. त्यांत आपल्या शेजारचा झाबुआही होता. त्या वृत्तांतांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं, मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं पोचलं, आणि आजही वाचलं जातं. तेव्हा छापील मासिकांची संख्या घटली हे मान्य करूनही मी म्हणेन की दीर्घ वृत्तांताला जागा उरली आहे. ज्या वेगानं दैनिकांतली जिल्ह्याची पानं जाहिरातींनी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरत आहेत, ते पाहता उलट तिथेच जागा कमी होते आहे.

पैशाचा प्रश्न मात्र असा उडवून लावता येणार नाही. लहान मराठी मासिकांचं मानधन तुटपुंजं असतं, काही ठिकाणी अंकाच्या प्रती आणि आभाराचं पत्र एवढंच. नंदुरबारहून धडगावला सातपुड्याचा घाट चढून जायचं, तिथून पाड्यावर पोचायला जीप किंवा मोटारसायकल, कधी नर्मदेच्या पाण्यातून बोट. हा खर्च मानधनातून निघत नाही. त्यामुळे फक्त मासिकांवर संसार चालवण्याचा सल्ला देणं ही तरुण माणसाची फसवणूक ठरेल. पण तालुका वार्ताहराची आजची स्थिती तरी काय आहे? बहुतेक दैनिकं त्याला नाममात्र रक्कम देतात आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर सोडून देतात. ज्या पुढाऱ्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच कामाची बातमी करायची, ही कोंडी त्यातून तयार होते. मासिकातलं लेखन या कोंडीतून बाहेर पडण्याची एक फट देतं, कारण पुण्यात निघणाऱ्या अंकाला शहाद्याच्या कारखानदाराची जाहिरात नको असते. पोटासाठी दुसरं काम ठेवावं लागेल. शिकवणं, भाषांतर, सर्वेक्षणाची कामं, छायाचित्रण यांपैकी काहीही. एकदा केलेलं काम पुन्हा वापरता आलं पाहिजे: त्याच माहितीवर मराठीत दीर्घ लेख, हिंदीत छोटा, पुढे पुस्तकाचं प्रकरण. नॅशनल फाउंडेशन फॉर इंडियासारख्या संस्था पत्रकारांना अभ्यासवृत्ती देत आल्या आहेत; दोन छापील दीर्घ लेख हाती असले की अशा अर्जाला वजन येतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मासिकाचा लेख मिळकत देत नाही, पुढची दारं उघडण्याचा पुरावा देतो.

भाषेची अडचण फार कमी बोलली जाते, पण ती अनेकांना आतून खात असते. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. घरात पावरी, मावची, भिलीच्या इतर बोली, अहिराणी किंवा गुजर बोली. नवापूरच्या बाजारात गुजराती. आणि प्रमाण मराठी शाळेत भेटलेली. अशा तरुणाला वाटतं, आपलं मराठी मासिकाच्या लायकीचं नाही. शुद्धलेखन सुधारता येतं, त्यासाठी संपादक असतो. पाड्यावरच्या आजीशी तिच्या बोलीत दोन तास बोलण्याची क्षमता मात्र कुठलाच संपादक पुरवू शकत नाही. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ सुरू झालं, ते स्थानिक बायकांनी बुंदेलीत लिहिलेलं पत्र होतं. त्यांची पत्रकारिता आज जगाला माहीत आहे. सीमेपलीकडे गुजरातेत तेजगढला गणेश देवी यांच्या भाषा केंद्रानं आदिवासी बोलींमध्ये ‘ढोल’ हे नियतकालिक काढलं. शहाद्याचे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ चा. त्यात भिल्लांचा संसार मराठीत आला, आणि आमच्या वतीनं बोलणारे तुम्ही कोण हा प्रश्नही त्यांच्या कवितेनं मराठी वाचकासमोर ठेवला. खानदेशातच पाहायचं तर अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. छापखाना, कागद, वितरण यांची वाट पाहत ते थांबले नाहीत. १९३८ मध्ये त्याच गावातून ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघालं आणि दहा वर्षांनी मुंबईत ‘साधना’.

आमच्या वतीनं बोलणारे तुम्ही कोण, हा वाहरूंचा प्रश्न प्रत्येक लेखकाला लागू आहे, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेतला सर्वांत अवघड आक्षेप तोच आहे. नंदुरबार म्हटलं की कुपोषण, बालमृत्यू, झोळीतून दवाखान्यात नेलेली बाळंतीण, नाहीतर मग काठीची राजवाडी होळी आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार. बाहेरच्या संपादकाला दुःख हवं असतं किंवा रंग हवा असतो. तिसरी तऱ्हा वीरकथेची: २०२० मध्ये नर्मदेतून नाव वल्हवत पाड्यांवर जाणारी अंगणवाडी सेविका, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्यानं आधीच उभारलेले ऑक्सिजन प्रकल्प. दोन्ही कामं मोलाची होती आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्या सेविकेला नाव का वल्हवावी लागली, रस्ता आणि बोट कुणाच्या अखत्यारीत होती, हे विचारणारा लेख कौतुकाच्या गर्दीत हरवला. मग मासिकात शिरण्यासाठी तरुण पत्रकारानं आपल्याच माणसांचं दैन्य विकायचं का? माझं उत्तर असं, की दैन्य विकलं जातं ते लेख माणसाच्या चेहऱ्यापाशी थांबतो तेव्हा. तो व्यवस्थेपर्यंत गेला की तेच लेखन हिशेब मागणारं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची आढळली. या आकड्याशेजारी रडणाऱ्या मुलाचा फोटो छापता येतो. किंवा एका पाड्याच्या अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी वर्षभर पाहता येतात: पावसाळ्यात मुलाचं वजन किती, दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत गेलं त्या महिन्यांत नोंद कुठे झाली, होळीला परतल्यावर काटा काय सांगतो, मधल्या काळातला पोषण आहार कोणत्या राज्यानं द्यायचा होता. हा दुसरा लेख लिहिणाऱ्याला गावात पुन्हा तोंड दाखवता येतं. लिहिलेलं ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवावं, त्यांच्या बोलीत सांगावं, नाव छापायचं की नाही हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावं. स्थानिक लेखकाला धोकाही जास्त असतो; बाहेरचा पत्रकार निघून जातो, याला त्याच तहसील कचेरीत उद्या दाखल्यासाठी उभं राहायचं असतं. म्हणून प्रत्येक विधानाला कागद हवा.

कागद मिळवण्याची सवय हाच वार्ताहर आणि मासिकाचा लेखक यांच्यातला प्रत्यक्ष फरक आहे, आणि तो सहज शिकता येतो. दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दैनिकाला तीस दिवस परवडत नाहीत, मासिकाला परवडतात. नंदुरबार आणि तळोदा इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत, आश्रमशाळांचा बराचसा तपशील तिथे असतो. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभांचे ठराव, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाखल झालेले आणि फेटाळले गेलेले दावे, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, १८८० चं खानदेश गॅझेटियर हे सारं पाहण्यासारखं आहे. त्या गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्लांबद्दल काय लिहिलं आणि आजच्या शासकीय अहवालातली भाषा किती बदलली, एवढी तुलनाही एका लेखाला पुरते. कार्यालयातला कागद आणि पाड्यावरचं बोलणं एकमेकांशी जुळत नाही तिथे थांबावं. बहुतेक वेळा लेख तिथेच असतो.

यापुढचं काम संपादकांचं आहे, आणि ही विनंती त्यांनाच. दूरच्या जिल्ह्यातल्या नव्या लेखकाला मानधन अंक निघाल्यावर सहा महिन्यांनी पाठवू नका. निदान प्रवासखर्च प्रस्ताव मान्य होताच द्या. लेख नाकारला तर दोन ओळींत कारण कळवा. वर्षातून एकदा तरी नंदुरबार, गडचिरोली, हिंगोलीच्या तरुणांकडून होळीवरचा किंवा कुपोषणावरचा नको, त्यांनी स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा लेख मागवा. आणि ज्या तरुण वार्ताहरानं हे प्रकरण इथवर वाचलं असेल, त्यानं आपल्या तालुक्यातला एकच विषय ठरवावा, त्याची वेगळी वही करावी, आणि पुढच्या दिवाळी अंकासाठी अर्ध्या पानाचा प्रस्ताव एप्रिल संपायच्या आत एका संपादकाकडे पाठवून द्यावा.